आंबोलीच्या जंगलाला वर्षावन म्हणायचं का?

रानभूल | ४ मार्च

गेल्या शनिवारी आंबोलीला जाऊन आलो. आजवर तिथे गेलो तो जुलैतच. धबधबा, धुकं, भाजलेलं कणीस आणि परत. या वेळी मुद्दाम उन्हाच्या तोंडावर गेलो. हिरण्यकेशीच्या बाजूला झाडीत शिरलो तर पायाखाली पाचोळा कुरकुरत होता. जुलैत ज्या खोडांवर बोट रुतेल इतकं शेवाळ होतं, ती खोडं आता तपकिरी आणि खरखरीत झालेली. पण मान वर केली तर छत सगळं हिरवंगार! सड्यावरचं गवत वाळून गेलंय आणि इथे अंजनी, जांभूळ, पिसा भर दुपारी काळोख धरून उभे आहेत.

मुलगी आठवीत आहे. वर्षावनात बारा महिने पाऊस पडतो, असं ती शाळेत शिकलीय. तिने विचारलं, "बाबा, सगळे आंबोलीला वर्षावन म्हणतात ना? मग ऑक्टोबरपासून इथे पाऊस कुठे आहे?" मला उत्तर देता आलं नाही. सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो म्हणून वर्षावन म्हणायचं, की सहा-सात महिने जवळजवळ काहीच पडत नाही म्हणून म्हणायचं नाही? जाणकारांनी सांगावं.

कातळसडा | ४ मार्च

तुमच्या मुलीचा प्रश्न अगदी नेमका आहे. तीस वर्षं भूगोल शिकवला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हवामानाचे प्रकार पाडण्याची जी पद्धत जगभर चालते ती व्लादिमीर कोपेन यांची. त्यांचा पिंड वनस्पती अभ्यासकाचा होता. झाडांकडे पाहून त्यांनी हवामानाच्या सीमा आखल्या, हे लक्षात ठेवलं की त्यांचे आकडे कळायला सोपे जातात. सर्वांत थंड महिन्याची सरासरी १८ अंशांच्या वर असेल तर प्रदेश उष्ण कटिबंधीय. त्यात प्रत्येक महिन्यात किमान ६० मिलिमीटर पाऊस असेल तर ते खरं वर्षावनाचं हवामान. सिंगापूर, बोर्निओ, पश्चिम अमेझॉन या गटात येतात.

एखादा महिना ६०च्या खाली गेला तर? इथे कोपेननी एक सवलत ठेवली. वर्षाच्या पावसाला २५ने भागा आणि ती संख्या १०० मधून वजा करा. सर्वांत कोरड्या महिन्यात निदान तेवढा पाऊस असेल तर ते मोसमी वर्षावनाचं हवामान, त्याहून कमी असेल तर सॅव्हाना, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशाचं हवामान. म्हणजे पावसाळा दणकून झाला असेल तर कोरडे दिवस त्या ओलीवर निभावून नेता येतात, असा त्यामागचा विचार.

आता कुलाबा घ्या. वर्षाला सुमारे २२०० मिलिमीटर. भागिले २५ म्हणजे ८८, शंभरातून गेले की उरले १२. फेब्रुवारीत मुंबईत १२ मिलिमीटर पडत नाही, म्हणून मुंबई सॅव्हानात. आंबोलीचे ७००० घ्या. भागिले २५ म्हणजे २८०, आणि शंभरातून वजा केले तर उत्तर शून्याच्याही खाली जातं. म्हणजे कोरड्या महिन्यात एक थेंब पडला नाही तरी आंबोली मोसमी वर्षावनाच्या गटात बसते.

या सूत्राची एक अडचण मला कायम खटकत आली आहे. वार्षिक पाऊस २५०० मिलिमीटरच्या वर गेला की उत्तर शून्य किंवा उणे येतं, आणि कोरडे महिने तीन आहेत की सात, हे सूत्र विचारतच नाही. झाडाला मात्र तोच प्रश्न जगण्या-मरण्याचा असतो. दक्षिण केरळात कोरडे महिने दोन-तीन. उत्तरेकडे सरकत मुंबईच्या अक्षांशापर्यंत आलं की ते सात-आठ होतात. एकाच डोंगररांगेत जंगल बदलत जातं ते या हिशोबाने.

पूर्वा_सिंगापूर | ५ मार्च

मी मूळची चिपळूणची, गेली अकरा वर्षं इथे. वर्षाच्या एकूण पावसात आमचं चिपळूण सिंगापूरच्या पुढे आहे, हे इथल्या लोकांना सांगितलं तर पटत नाही. इथे वर्षाला साधारण २१०० मिलिमीटर, पण सर्वांत कोरड्या फेब्रुवारीतही सरासरी १०० मिलिमीटरच्या वर. छत्री बाराही महिने पर्समध्ये.

इथे आल्यावर सगळ्यात जास्त काय हरवलं असेल तर ऋतू. सर्वांत गरम आणि सर्वांत थंड महिन्याच्या सरासरीत जेमतेम दोन अंशांचा फरक. एकाच दिवसात दुपार आणि पहाट यांच्यात त्याच्या कितीतरी पट जास्त. उष्ण कटिबंधाचा हिवाळा रोज रात्री येतो म्हणतात, ते इथे राहून कळलं.

मग झाडं नवी पानं कधी काढतात? वाटेल तेव्हा. बुकित तिमाहच्या टेकडीवर गेलं की एक झाड फुलावर, शेजारचं त्याच जातीचं नुसतं पानांवर, आणि तिसऱ्याची कोवळी पालवी लालबुंद लोंबतेय. सुरुवातीला ते लाल झुपके मला फुलंच वाटायचे.

वनस्पतीवेडी | ५ मार्च

पूर्वाताई, लाल पालवी आपल्याकडेही आहे की! नागकेशराची पाहा, आंब्याची तांबूस पालवी पाहा. कोवळ्या पानात हरितद्रव्य उशिरा भरतं. पान जून होऊन कडक होईपर्यंत किडी ते कुरतडत असतात, त्यामुळे आधीच ऐवज भरला तर नुकसान मोठं. लाल रंगद्रव्य उन्हापासूनही आडोसा देतं. फरक इतकाच की सह्याद्रीतली बरीचशी झाडं हे काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरकतात. जमिनीच्या वर सगळं सुकलेलं असताना नवी पानं येतात, ती खोलवरच्या ओलीच्या जोरावर. पूर्व अमेझॉनमध्ये १९९४च्या सुमारास खोदून पाहिलं तेव्हा मुळं १८ मीटरपर्यंत गेलेली सापडली होती. तिथेही कोरडा हंगाम असतो आणि तिथलं जंगलही तो असाच काढतं.

रानभूल, आता तुमच्या शेवाळाबद्दल. तुम्ही न कळत नेमक्या ठिकाणी पाहिलंत. एखादं जंगल किती महिने कोरडं असतं हे मोठ्या झाडांना विचारू नये. त्यांची मुळं खोल, ती खाडा पडू देत नाहीत. विचारायचं ते फांद्यांवर राहणाऱ्या आमऱ्यांना (ऑर्किडना), नेच्यांना, शेवाळाला. त्यांच्या पायाशी माती नाही, साठा नाही. हवेत ओल आहे तोवर त्यांचं चालतं.

बाशिंग नावाचं नेचं तुम्ही आंबोलीत नक्की पाहिलं असेल. त्याला दोन प्रकारची पानं. हिरवी लांब पानं उन्हाळ्यात गळून जातात. खोडाला चिकटलेली ओंजळीसारखी तपकिरी पानं मात्र राहतात, आणि वरून पडणारा पाचोळा त्यांत साठून त्याचं खत होतं. आपल्याकडच्या पांढऱ्या फुलांच्या डेंड्रोबियम आमरीचंही तसंच. जाड खोडांत पाणी साठवायचं, पानं टाकून द्यायची आणि जानेवारी-फेब्रुवारीत निष्पर्ण फांदीवर फुलायचं. सिंगापूरच्या रस्त्यावरच्या झाडांवर घरट्यासारखी नेची बाराही महिने हिरवी असतात. फरक डोळ्यांसमोर ठेवायला हे दोन फोटो पुरेत.

म्हणून माझं उत्तर असं: महाराष्ट्राच्या घाटमाथ्यावरचं जंगल सदाहरित आहे, बांधणीने वर्षावनाच्या जवळचं आहे, पण ते वर्षावनाचं उत्तरेकडचं टोक आहे. जातींची यादी इथे आखूड होत जाते. फ्रेंच अभ्यासक पास्कल यांनी पश्चिम घाटाच्या जंगलांची वर्गवारी केली, तेव्हा महाबळेश्वर-भीमाशंकरकडच्या प्रकाराला अंजनी, जांभूळ आणि पिसा याच तिघांचं नाव दिलं. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये ही तिन्ही नावं घेतलीत, वाचून फार बरं वाटलं.

घाटवाट | ६ मार्च

सुंदर धागा. एक भर घालतो. झाडं पाऊस आणतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आंबोलीत जंगल आहे म्हणून एवढा पाऊस पडतो. जंगल गेलं तर पाऊसही जाईल.

कातळसडा | ६ मार्च

घाटवाट, भावना समजतो, पण आंबोलीच्या बाबतीत क्रम उलटा आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि रिते होतात. उद्या डोंगर उघडाबोडका झाला तरी जुलैत तिथे कोसळणारच. जाईल ते पावसानंतरचं पाणी. जंगलाचं काम ते पाणी धरून ठेवण्याचं.

झाडं पाऊस घडवतात याचं ठळक उदाहरण अमेझॉनचं. सपाट खोरं, समुद्रापासून दोन-तीन हजार किलोमीटर आत, तरी पाऊस भरपूर. एनेआस सालाती या ब्राझिलियन शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात पावसाच्या पाण्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) दाखवलं की तिथला साधारण निम्मा पाऊस जंगलानेच हवेत परत सोडलेल्या पाण्याचा असतो. एक सर पडते, झाडं ते पाणी पानांवाटे सोडतात, वारा ते पश्चिमेकडे नेतो, पुन्हा सर. तेच पाणी अँडीजला अडून दक्षिणेकडे वळतं आणि पार दक्षिण ब्राझीलच्या शेतांपर्यंत पोचतं. तिथे त्याला उडत्या नद्या म्हणतात.

वनस्पतीवेडी | ६ मार्च

सर, एक दुरुस्ती सुचवू का? सह्याद्रीचं जंगल स्वतःवर पाऊस पाडत नसेल, पण दुसऱ्याला देतं. २०१८मध्ये आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांचं काम आलं होतं. पश्चिम घाटाच्या झाडीतून उडालेली वाफ पावसाळ्यात तामिळनाडूकडे जाते, आणि पावसाच्या तुटीच्या वर्षांत तिथल्या मोसमी पावसातल्या बाष्पात तिचा वाटा ४० टक्क्यांपर्यंत जातो, असं त्यांनी मांडलं होतं.

कातळसडा | ६ मार्च

बरोबर आहे ताई, हे माझ्याकडून सुटलं. घाटवाट, तुमचं म्हणणं मी अर्धं खोडलं होतं, ते मागे घेतो.

दोडामार्गकर | ८ मार्च

आंबोलीवरच सगळे बोलतायत, जरा खाली तिलारीकडे या. आमच्या घराच्या मागे डोंगर. आजोबांच्या काळात त्यावर एवढी दाट झाडी होती की गारंबीच्या वेलीवर बसून पोरं झोके घेत. बारा-तेरा वर्षांपूर्वी भावकीने तो विकला. आधी सगळं साफ केलं, एक वर्ष अननस, मग रबर. लांबून पाहणाऱ्याला अजूनही डोंगर हिरवाच दिसतो. पाहुणे येतात आणि म्हणतात, काय जंगल आहे तुमच्याकडे.

मी शास्त्र शिकलेलो नाही. एवढंच सांगतो की मागचा व्हाळ पूर्वी एप्रिलच्या शेवटापर्यंत वाहायचा, आता होळीला कोंडी सुकतात. जानेवारी-फेब्रुवारीत रबराची सगळी पानं एकदम गळतात आणि डोंगर उघडा पडतो. ककणेर (धनेश) यायचे, आता त्यांना बसायला उंबर नाही.

नवखा_बागायतदार | ८ मार्च

रबरवाल्यांना सरसकट दोष देऊ नये अशी विनंती. माझी चार एकर आहे. भाताला मजूर मिळत नाही, काजूला मोहोराच्या वेळी ढगाळ हवा नडते. रबराने मुलांची कॉलेजची फी भरली. आणि रबर हे झाडच आहे ना, तेही मूळ वर्षावनातलंच.

वनस्पतीवेडी | ९ मार्च

दादा, तुमची अडचण खरी आहे, ती कोणी नाकारू नये. पण रबर वर्षावनातलं आहे, हा मुद्दा तुम्ही काढलात तर त्याची पुढची गोष्ट सांगायलाच हवी. या धाग्यातला मला सर्वांत आवडणारा भाग तो आहे.

रबराचं मूळ घर अमेझॉन. तिथे ते झाड जंगलात विखुरलेलं असतं, एक इथे तर दुसरं बरंच लांब. १८७६मध्ये हेन्री विकहॅमने सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. त्यांतली रोपं श्रीलंका, सिंगापूर, मलाया इथे गेली आणि आशियातल्या बागा उभ्या राहिल्या. पुढे १९२८मध्ये हेन्री फोर्डने खुद्द अमेझॉनमध्ये, तापाजोस नदीकाठी, जंगल तोडून रबराच्या ओळी लावल्या. रबराच्या माहेरीच रबर, अजून काय हवं? पण पानांवर करपा आला. तिथलीच बुरशी. जंगलात ती होतीच, पण एका झाडावरून दुसऱ्या झाडाला गाठताना मध्ये दुसऱ्या जातींची गर्दी आडवी यायची. ओळीत लावल्यावर तिला मोकळा रस्ता मिळाला. १९४५मध्ये फोर्ड कंपनीने तो प्रकल्प सोडला. आशियातलं रबर वाचलं ते ती बुरशी अजून समुद्र ओलांडून इथे आली नाही म्हणून.

जॅन्झेन आणि कॉनेल या दोघांनी १९७० आणि १९७१मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली कल्पना हीच. आईच्या पायाशी पडलेलं बी सहसा जगत नाही, कारण तिच्यावर पोसलेल्या किडी आणि बुरश्या तिथेच दबा धरून असतात. लांब गेलेलं बी वाचतं. म्हणून एका जातीची झाडं एकमेकांपासून दूर राहतात आणि मधल्या जागेत इतर जातींना शिरकाव मिळतो. मलेशियात लांबीर इथे ५२ हेक्टरांत मोजणी केली तेव्हा झाडांच्या जवळपास १२०० जाती निघाल्या. बी लांब नेणार कोण? धनेश, पारवे, वटवाघळं. दोडामार्गकर, ककणेराला बसायला उंबर नाही हे तुम्ही लिहिलंत, त्यात पुढच्या जंगलाचा सगळा प्रश्न आला.

आणि मातीचं. एवढ्या पावसात जांभ्यातली पोषकद्रव्यं धुऊन जातात. जंगलाचं धन पानांत आणि लाकडात असतं. पान पडतं, बुरशी ते कुजवते, वरच्या चार बोटांतली मुळं ते लगेच उचलतात. झाडी काढून दोन पावसाळे माती उघडी ठेवली की ते धन वाहून जातं. मग खताची पिशवी विकत आणावी लागते.

नवखा_बागायतदार | ९ मार्च

करपा रोगाचं माहीत नव्हतं. मनापासून धन्यवाद ताई. माझ्या बांधावर आणि व्हाळाच्या कडेला काय लावता येईल?

सत्तरीकर | १० मार्च

आमच्या गोव्यातलं कुळागर पाहा. वर माड आणि सुपारी, तिच्या खोडावर मिरी, मधे फणस आणि जायफळ, खाली केळी, हळद. झरीचं पाणी पाटाने फिरवलेलं. ते जंगल नाही, पण एकावर एक मजले चढवायची रीत जंगलाकडून घेतलेली आहे. तुमच्या व्हाळाच्या कडेला रातांबा, भेरली माड, उंबर, रानजायफळ लावा. रातांब्याला बाजार आहेच.

रानजायफळावरून आठवलं. सत्तरीत बांबर इथे निरंकाराची राय, म्हणजे देवराई, आहे. जमीन वर्षभर पाण्याखाली, आणि त्या चिखलात रानजायफळाची जुनी झाडं. मुळं चिखलातून वर येतात आणि गुडघा वाकवावा तशी वळून परत खाली जातात. पाण्याखालच्या मातीत हवा नाही, म्हणून श्वास घ्यायला केलेली ती सोय.

दोडामार्गकर | १० मार्च

तशीच राय आमच्या तालुक्यात बांबर्ड्याला आहे. अडीच हेक्टरांच्या थोडी वर जागा. २०२१मध्ये सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. त्याआधी शेकडो वर्षं ती राहिली ती देवाच्या नावावर. जुनी माणसं म्हणतत, रायीतला लाकूड घराक लावूचा नाय. सुकलेली काटकीही कोणी उचलत नाही.

कातळसडा | ११ मार्च

देवरायांवर माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांचं काम १९७०च्या दशकातलं. त्यांच्या नोंदी वाचल्यावर मी शाळेच्या सहली किल्ल्यांऐवजी रायांना न्यायला लागलो होतो.

आणखी एक गोष्ट, मग थांबतो. गुजरातेत वस्तानच्या लिग्नाइट खाणीत राळेचे जीवाश्म सापडले, आत किडे अडकलेले. वय ५ कोटी वर्षांहून अधिक. ती राळ डिप्टेरोकार्प कुळातल्या झाडांची, म्हणजे आज बोर्निओचं जंगल ज्यांनी उभं केलंय त्यांची. आपला साल वृक्षही त्यातलाच. तेव्हा भारताचं हे बेट विषुववृत्ताच्या आसपास होतं आणि आज जिथे कापूस पिकतो तिथे बारमाही ओलं जंगल होतं. रानभूल, तुमच्या मुलीला हे जरूर सांगा.

पूर्वा_सिंगापूर | ११ मार्च

अंगावर काटा आला वाचून.

रानभूल | २५ मे

धागा वर काढतोय. मुलीला घेऊन बांबर्ड्याला जाऊन आलो. दोडामार्गकरांनी गावातल्या जाणत्या माणसांशी गाठ घालून दिली, त्यांच्या परवानगीने आणि त्यांच्यासोबतच आत गेलो. चपला बाहेर काढल्या.

वनस्पतीवेडी ताईंनी सांगितल्याप्रमाणे मोठ्या झाडांकडे आधी पाहिलंच नाही. रायीच्या बाहेर काजूच्या बागेशेजारी एक जुना आंबा आहे. त्याच्यावरच्या बाशिंगाची हिरवी पानं गळून गेलेली, नुसत्या तपकिरी ओंजळी उरलेल्या. डेंड्रोबियमच्या काड्या उघड्या. तिथून रायीत शिरलो. मुलगी पावलं मोजत होती, साठाव्या पावलाला पाय गार पाण्यात. मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस यायचा असताना, घोट्याएवढं पाणी हळूहळू वाहत होतं. गुडघ्यासारख्या मुळांच्या रांगा, त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून आम्ही दगडावरून दगडावर गेलो. आणि त्या मुळांवरचं शेवाळ हिरवं होतं, बोट टेकवलं तर रुतलं.

मुलीने वहीत लिहून ठेवलंय: बाहेर तपकिरी, आत हिरवं, अंतर साठ पावलं. आता विचारतेय की व्हाळाच्या कडेला लावायला रानजायफळाचं रोप कुठे मिळेल. सत्तरीकर, कळवाल का?